मालगुंडच्या वाटेने : कोकण मराठी साहित्य परिषदेची जडणघडण

कोकण मराठी साहित्य परिषद १९९१ साली रत्नागिरीत स्थापन झाली. तोवर महाराष्ट्रातल्या इतर विभागांच्या साहित्य संस्था चांगल्या वडीलधाऱ्या झाल्या होत्या. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ची, विदर्भ साहित्य संघ १९२३चा, मुंबई मराठी साहित्य संघ १९३५चा आणि मराठवाडा साहित्य परिषद १९४३ची. या चौघांनी मिळून १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ उभे केले, तेव्हा कोकणची स्वतःची संस्था जन्माला यायला आणखी तीस वर्षे होती. ज्या भूमीने आधुनिक मराठी कवितेला तिचा पहिला कवी दिला, त्या भूमीला साहित्य संस्था मात्र सर्वांत शेवटी मिळाली. परिषदेचा इतिहास सांगताना या उशिराचे कारण आधी सांगावे लागते. ते कळले म्हणजे परिषदेने नेमके काय केले, हेही कळते.

हा उशीर अनास्थेमुळे झाला, असे म्हणता येणार नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे. चिपळूणचे वाचनालय, म्हणजे आजचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४चे. अक्षरओळख नसलेल्या वाड्या-वस्त्यांतही शब्दांची श्रीमंती होतीच. रत्नागिरीकडे नमन-खेळे आणि जाखडी, सिंधुदुर्गात दशावतार, आणि भजनाच्या डबलबाऱ्या तर सगळीकडे. रात्र रात्र जागून ऐकणारा श्रोता कोकणाला कधी कमी पडला नाही. अडचण वेगळीच होती. इथे लिहिणारा माणूस गावात टिकत नव्हता.

चाकरमानी लेखक

कोकणातल्या लेखकांची नुसती यादी केली, तरी ही गोष्ट लक्षात येते. श्री. ना. पेंडसे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, पण नोकरी मुंबईत, बेस्टमध्ये. ‘गारंबीचा बापू’ (१९५२) आणि ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबऱ्यांतला मुलूख कोकणचा, लिहिण्याचे टेबल मुंबईचे. जयवंत दळवींचे बालपण वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीत गेले आणि उमेदीची सारी वर्षे मुंबईत. ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये त्यांनी आरवली उभी केली ती मुंबईत राहून. विंदा करंदीकर देवगड तालुक्यातल्या धालवलीचे आणि मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे. दोघांचीही कर्मभूमी मुंबईच. चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आरती प्रभू, यांनी गावात राहून पाहिले. कुडाळला खानावळ चालवली. तिथून पाठवलेल्या त्यांच्या कविता मुंबईच्या ‘सत्यकथे’त छापून येत होत्या, पण खानावळीचे गणित काही जमले नाही. १९५९मध्ये त्यांनीही मुंबईची वाट धरली.

गिरणीत, गोदीत नाहीतर कचेरीत लागलेला कोकणी माणूस गावाकडे मनिऑर्डर धाडायचा. कोकणचे साहित्यही तसेच मुंबईहून यायचे. लेखक तिथे, मासिके तिथे, प्रकाशक तिथे. गावाच्या वाट्याला वाचन तेवढे उरले. सणासुदीला, मे महिन्यात लेखक घरी यायचा, आंबा-फणस खायचा, चार दिवस माणसांत बसायचा आणि परत जायचा. त्या चार दिवसांच्या शिदोरीवर मराठीतल्या उत्तम कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, हे खरेच. पण ज्यांच्यावर त्या लिहिल्या गेल्या, त्यांना तो लेखक म्हणून कधी भेटला नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाला कवी हा पाठ्यपुस्तकातला फोटो वाटायचा. आपल्याच वाडीतला, आपल्याच आडनावाचा माणूस कविता लिहू शकतो, ही गोष्ट त्याला कोणी दाखवलीच नव्हती.

शिरोड्याचा मुक्काम

याला मोठा अपवाद वि. स. खांडेकरांचा, आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. खांडेकर मूळचे सांगलीचे. १९२० साली ते वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८पर्यंत तिथेच राहिले. समुद्राकाठचे लहान गाव, बेताचा पगार, पावसाळ्यात वाहतूक जवळजवळ बंद. अशा ठिकाणी त्यांनी शाळा वाढवली आणि लेखनही केले. ‘हृदयाची हाक’ (१९३०), ‘कांचनमृग’ (१९३१), ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ (दोन्ही १९३४) या कादंबऱ्या त्याच मुक्कामातल्या. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याच्या मिठागरांवर जे घडले, तेही त्यांच्या डोळ्यांदेखत. पुढे ते चित्रपटलेखनासाठी कोल्हापूरला गेले आणि १९७४चे ज्ञानपीठ त्यांना ‘ययाति’साठी मिळाले. पण लेखक म्हणून त्यांची घडण शिरोड्यातली.

आजच्या भाषेत याला लेखक-निवास म्हणतील. त्या काळी तसे काही नाव नव्हते आणि अनुदानही नव्हते. होते ते एक गाव, एक शाळा आणि लेखकाला सांभाळून घेणारी माणसे. लेखक गावात दीर्घकाळ राहिला तर दोघांचेही भले होते, हे शिरोड्याने तेव्हाच दाखवून दिले होते. फक्त त्यावरून धडा घेणारी संस्था कोकणात नव्हती.

संमेलने मात्र किनाऱ्यावर अधूनमधून येत होती. १९३०मध्ये मडगावला वामन मल्हार जोशी अध्यक्ष होते, १९५१मध्ये कारवारला अ. का. प्रियोळकर, १९५८मध्ये मालवणला कवी अनिल, आणि १९६४मध्ये पुन्हा मडगावला कुसुमाग्रज. त्या त्या गावाने तीन दिवस पाहुणचार केला. मोठमोठी भाषणे झाली. मग मांडव उतरला आणि खुर्च्या परत गेल्या. पुढे वर्षभर काय करायचे, हे संमेलन सांगत नाही. ते त्याचे कामही नव्हे. त्यासाठी गावातच पाय रोवून बसलेली संस्था लागते.

रत्नागिरी, १९९०

चौसष्टावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९९० साली रत्नागिरीला भरले. अध्यक्ष होते मधु मंगेश कर्णिक. सिंधुदुर्गातले करूळ हे त्यांचे गाव. तिथून निघून शिक्षण, नोकरी, सरकारी प्रसिद्धी खाते, मुंबई असा प्रवास केलेले तेही एक चाकरमानीच. ‘माहीमची खाडी’ (१९६९) लिहिताना मुंबईतल्या झोपडपट्टीतले जगणे त्यांनी जवळून पाहिले होते, आणि ‘कोकणी गं वस्ती’पासून कोकण तर त्यांच्या लेखनात होतेच. कोकणचा लेखक, कोकणातले संमेलन आणि समोर कोकणचाच श्रोतृवर्ग, असा योग जुळून आला होता. संमेलनाध्यक्षाचे वर्ष सत्कार आणि हारतुऱ्यांत निघून जाते, असा साधारण अनुभव आहे. कर्णिकांनी त्या वर्षाचे काम केले. संमेलनात जमलेल्या माणसांना पांगू द्यायचे नाही, असे ठरवले आणि १९९१मध्ये कोकण मराठी साहित्य परिषद उभी राहिली. लोकांच्या तोंडी तिचे नाव झाले ‘कोमसाप’.

परिषदेची हद्द मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशी सलग धरली, यात मोठा शहाणपणा होता. पुढे २०१४मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा जिल्हा झाला, तोही याच कुटुंबातला. मुंबई वगळून कोकणाची संस्था काढली असती, तर निम्मे लेखक बाहेर राहिले असते. मुंबईतच तिचे ठाणे केले असते, तर गावे पुन्हा श्रोत्यांच्या रांगेत बसली असती. म्हणून स्थापना रत्नागिरीत झाली, शाखा जिल्ह्या-तालुक्यांत निघाल्या आणि मुंबई-ठाण्यातले कोकणी साहित्यिक त्याच घरात सामील झाले. परिषदेने केलेले एकच मोठे काम सांगायचे, तर मुंबईकडे जाणारा साहित्याचा रस्ता तिने दुहेरी केला. गावातून गेलेला लेखक आता कार्यक्रमासाठी, शिबिरासाठी, परीक्षक म्हणून, अध्यक्ष म्हणून गावात परत येऊ लागला.

केशवसुतांचे घर

संस्थेला पत्ता लागतो. परिषदेने तो मालगुंडमध्ये शोधला.

मालगुंड हे रत्नागिरी तालुक्यातले, गणपतीपुळ्याला लागून असलेले समुद्रकाठचे गाव. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, यांचा जन्म १८६६ साली इथला. त्यांचे आयुष्य पाहिले तर ते कोकणातल्या कोणत्याही चाकरमान्याचे वाटावे. शिक्षण खेड, बडोदे, वर्धा, नागपूर, पुणे असे तुकड्या-तुकड्यांनी झाले आणि मॅट्रिक व्हायला १८८९ साल उजाडले. मग मुंबईत मास्तरकी आणि किरकोळ नोकऱ्या, प्लेगच्या दिवसांत खानदेश, फैजपूरला शिक्षक, १९०४मध्ये धारवाड. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीला प्लेगने मृत्यू. वय अवघे एकोणचाळीस. ‘तुतारी’ १८९३ची, मुंबईतल्या ओढगस्तीच्या दिवसांतली. ‘आम्ही कोण?’ १९०१ची, फैजपुरातली. कविता सगळ्या मिळून शे-सव्वाशेच्या वर थोड्या. हयातीत एकही संग्रह निघाला नाही. पुस्तक काढले ते हरि नारायण आपट्यांनी, कवी गेल्यानंतर. घराणे बुद्धिमान होते. ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) लिहिणारे मोरो केशव दामले हे केशवसुतांचे बंधू.

या आयुष्यात मालगुंडच्या वाट्याला जन्म आणि बालपणीचे थोडे दिवस, एवढेच येते. मग स्मारक इथेच का? मुंबईत दादरच्या उड्डाणपुलाला केशवसुतांचे नाव आहे. त्या पुलावरून रोज हजारो गाड्या जातात आणि नावाची पाटी वाचायला कोणालाच सवड नसते. मालगुंडला मात्र मुद्दाम जावे लागते. शिवाय ‘नैऋत्येकडील वाऱ्यास’सारख्या कवितेतून केशवसुतांची या किनाऱ्याची ओढ स्पष्ट दिसते. परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसाला समुद्राकडून येणारे वारे घराची खबर देतात, हे ज्याने अनुभवले, तो कवी मालगुंडचा नाही असे कोण म्हणेल?

८ मे १९९४ रोजी केशवसुत स्मारकाचे उद्घाटन कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग १९९८मध्ये सुरू झाला. म्हणजे त्या दिवशी मालगुंडला जमलेल्या बाहेरच्या प्रत्येकाला घाट-वळणे पार करत रस्त्यानेच यावे लागले होते, तेही ऐन मे महिन्याच्या उकाड्यात. कुसुमाग्रजांनी तेव्हा वयाची ब्याऐंशी ओलांडली होती आणि ते नाशिक सोडून फारसे कुठे जात नसत. तरी ते आले, आणि मालगुंड ही मराठी कवितेची राजधानी असल्याचे सांगून गेले. गावाच्या पाठीवर ती थाप कायमची राहिली. आजही मालगुंडची ओळख करून देताना हे वाक्य आधी येते आणि गणपतीपुळ्यापासूनचे अंतर मागाहून.

स्मारक पाहायला आलेल्या माणसाला आधी लागते ते घर. कौलारू छप्पर, पुढे ओटी-पडवी, आत सारवलेली जमीन आणि जुन्या काळच्या घरगुती वस्तू. घर मोठे नाही, श्रीमंतीचे तर नाहीच. कोकणातल्या कोणत्याही आजोळी शोभेल असे. हा साधेपणा जपला गेला, हे फार बरे झाले. संगमरवर घालून त्याचे मंदिर केले असते, तर पोरांनी हात जोडले असते आणि ती पुढे गेली असती. इथे ती विचारतात, “एवढ्याशा घरात कवी राहायचा?” आणि तिथूनच पुढचे बोलणे सुरू होते. घराच्या मागे बागेत शिळांवर केशवसुतांच्या कविता कोरल्या आहेत. कोरलेली अक्षरे दिसली की लहान मूल ती मोठ्याने वाचायला लागते, हा त्याचा स्वभावच. पुळ्याच्या गणपतीचे दर्शन घेऊन इकडे वळलेल्या कितीतरी घरांतल्या आई-बापांनी शाळेनंतर प्रथमच केशवसुतांची कविता ऐकली असेल, ती आपल्याच मुलाच्या तोंडून. पुढे ग्रंथालय आहे, आणि केशवसुतांनंतरच्या मराठी कवींचे दालन आहे. तिथे कवीचा फोटो आणि त्याची कविता शेजारी शेजारी भेटतात. तालुक्याच्या ठिकाणी पुस्तकांचे दुकान सापडणे मुश्कील असलेल्या भागात एवढा कवितासंग्रह एका छपराखाली असणे, हीच मोठी गोष्ट.

गावातले संमेलन

परिषदेचे खरे रूप पाहायचे तर तिच्या संमेलनांत. मध्यवर्ती संमेलन, जिल्हा संमेलन, महिलांचे संमेलन, तरुणांचे संमेलन अशी नावे वेगवेगळी, पण संसार एकच. कोकणात संमेलनाची तारीख पंचांगापेक्षा शेती आणि सण ठरवतात. जून ते सप्टेंबर पाऊस, तेव्हा मांडव घालायची सोय नाही. गणपतीत कोणी कोणाचे नसते. भातकापणी उरकली, झोडणी झाली, की शिमग्याच्या आत जे काही करायचे ते करून घ्यायचे.

पहाटेपासून गावात लगबग असते. ग्रंथदिंडी ग्रामदेवतेच्या देवळापासून निघते. पालखीत ज्ञानेश्वरी आणि गाथा, पुढे शाळेचे लेझीम पथक, मागे भजनी मंडळाचा मृदंग, दारोदारी रांगोळ्या. म्हाताऱ्या बाया पालखीला ओवाळतात. पालखीत देव नाही, पुस्तक आहे, हे त्यांना ठाऊक असते, आणि त्यात त्यांना काही वावगेही वाटत नाही. शाळेच्या वर्गांत पुस्तकांचे स्टॉल लागतात. शाळेच्याच मैदानात मांडव. पाहुण्यांची सोय हॉटेलात करायची म्हटले तरी हॉटेल असते कुठे? मग ज्याच्या घरी जादा खोली, त्याच्याकडे एक पाहुणा. कथाकार सकाळी घावणे-चटणी खाऊन यजमानांबरोबरच मांडवात येतो. त्या घरातली मुले पुढे वर्षभर “आमचे लेखक” म्हणून त्याचे नाव सांगतात.

कार्यक्रमाचा साचा ठरलेला. उद्घाटन, अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, मुलाखत, कथाकथन, कविसंमेलन, शेवटी ठराव. परिसंवादात बोलींचा विषय हटकून निघतो आणि हटकून रंगतो. मालवणी, संगमेश्वरी, आगरी अशा बोलींतून लिहिणाऱ्याला ज्या व्यासपीठावर मान मिळतो, ते हे. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८०पासून मालवणीला रंगभूमीवर प्रतिष्ठा मिळवून दिली होतीच. कविता आणि कथेला तोच मान मिळवून देण्याचे काम अशा मांडवांतून होत गेले. कविसंमेलनाची यादी मात्र कायम लांबलेली. सूत्रसंचालक “कृपया एकच कविता” अशी हात जोडून विनंती करतो, आणि कवी “छोटीच आहे” म्हणत दुसरी काढतो. यावर पुष्कळ विनोद झाले आहेत. पण त्या यादीत गावच्या पोस्टातला कारकून असतो, अंगणवाडी सेविका असते, मच्छीमार सोसायटीतला पोरगा असतो. छापील कविता नशिबी नसलेल्या माणसाला लाऊडस्पीकरवर आपले नाव पुकारलेले ऐकायला मिळते. कवितेचा दर्जा हा नंतरचा प्रश्न. आधी तो माणूस लिहायला बसला, हे महत्त्वाचे.

पुरस्कारांतून दिसणारा नकाशा

परिषदेने वाङ्मयीन पुरस्कारांना जी नावे दिली, ती ओळीने वाचली तर कोकणच्या साहित्याचा इतिहास आपोआप पुढे येतो. कादंबरीसाठी र. वा. दिघे. ‘पाणकळा’ (१९३९) आणि ‘पड रे पाण्या’ लिहिणारे, खोपोलीजवळ स्वतः शेती करून राहिलेले. कथेसाठी वि. सी. गुर्जर. ‘मासिक मनोरंजन’च्या काळातले लोकप्रिय कथाकार, ज्यांनी गडकऱ्यांच्या मागे ‘एकच प्याला’ची पदे लिहिली. कवितेसाठी आरती प्रभू. ‘नक्षत्रांचे देणे’ला १९७८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा कवी जाऊन दोन वर्षे झाली होती. चरित्रासाठी धनंजय कीर. रत्नागिरीत जन्मलेले, आंबेडकर, सावरकर, टिळक, फुले यांची चरित्रे इंग्रजीत लिहून देशभर पोचवणारे, १९७१चे पद्मभूषण. ललित गद्यासाठी अनंत काणेकर. समीक्षेसाठी प्रभाकर पाध्ये. लांज्याचे हे विचारवंत, त्यांच्या ‘सौंदर्यानुभव’ला १९८२चा अकादमी पुरस्कार.

पुरस्काराची रक्कम किती, हा इथे मुद्दा नाही. पुरस्कार घेणाऱ्या तरुण लेखकाला त्या निमित्ताने गुर्जर कोण, दिघे कोण, हे शोधावे लागते. पाठ्यपुस्तकांतून निघून गेलेली नावे अशी वर्षाला एकदा तरी वर्तमानपत्रात येतात. परिषदेच्या मुखपत्राला ‘झपूर्झा’ हे केशवसुतांच्या कवितेचे नाव मिळाले, ते याच जाणिवेतून. शाखांचे अहवाल, नव्या कविता आणि पुस्तक-परिचय त्यातून गावोगावी पोचत राहिले.

पाणी, वारा आणि पुस्तके

किनाऱ्यावर संस्था चालवायची तर समुद्र आणि पाऊस हेही कार्यकारिणीचे सभासद धरावे लागतात. ३ जून २०२०चे निसर्ग चक्रीवादळ रायगड आणि उत्तर रत्नागिरीला झोडपून गेले. शाळांची, वाचनालयांची छपरे उडाली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आले. २२ जुलै २०२१च्या महापुरात चिपळूण शहर बुडाले आणि लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातल्या ग्रंथांची अपरिमित हानी झाली. याच वाचनालयाच्या पुढाकाराने २०१३ साली चिपळूणला शहाऐंशीवे अखिल भारतीय संमेलन झाले होते. २००५च्या पुरातूनही ते एकदा उभे राहिले होते. पुन्हा उभे राहिले. कोकणात वाचनालय म्हणजे इमारत नव्हे. चिखलातून पुस्तक काढून उन्हात वाळवणारी माणसे म्हणजे वाचनालय, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले. साहित्य परिषद, वाचनालय, शाळा आणि भजनी मंडळ यांतली माणसे इथे बहुधा तीच ती असतात. एका घरी पाणी शिरले, की चारही संस्थांची कामे थांबतात.

काय झाले, काय राहिले

मागे वळून पाहताना परिषदेच्या खात्यावर तीन गोष्टी निश्चित जमा होतात. पहिली, कवीच्या जन्मघराला गावातच मान मिळाला आणि मालगुंड मराठीच्या नकाशावर आले. दुसरी, संमेलन ही शहराची मिरास राहिली नाही. तालुक्याच्या गावाने ते पेलून दाखवले. तिसरी, बोलीत लिहिणाऱ्याचा संकोच गेला. मराठीला आजवर चार ज्ञानपीठ मिळाले. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा आणि नेमाडे. यांतले पहिले शिरोड्यात घडले, दुसऱ्यांनी मालगुंडच्या स्मारकाचे उद्घाटन केले आणि तिसरे धालवलीत जन्मले. किनाऱ्याने अभिमान बाळगावा असा हा हिशेब आहे.

राहिले ते असे. संमेलन वाचक घडवते, श्रोता घडवते, लिहिणाऱ्याला हुरूप देते. पण पुस्तक लिहायला लागते ती सलग एकांताची सवड, आणि ती दोन दिवसांच्या मांडवात मिळत नाही. कविसंमेलने भरघोस झाली. गावात राहून कादंबरी पुरी करणारे मात्र आजही हाताच्या बोटांवर. पेंडशांपासून खानोलकरांपर्यंतच्या लेखकांना जे जमले नाही, ते आजच्या लेखकालाही सहजी जमत नाही.

या बाबतीत आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे अकिल बेट पाहण्यासारखे आहे. तिथली माणसेही पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी बाहेर गेली, बटाट्याच्या काढणीला स्कॉटलंडला जात राहिली, आणि मागे रिकामी घरे राहिली. जर्मन लेखक हाइनरिश ब्योल १९५०च्या दशकात तिथे जाऊन राहिले, त्या मुलखावर त्यांनी पुस्तक लिहिले आणि दुगोर्ट गावात एक छोटे घर घेतले. १९७२चे नोबेल मिळवणाऱ्या या लेखकाच्या मागे ते घर बंद पडले नाही. १९९०च्या दशकापासून, म्हणजे आपले मालगुंडचे स्मारक झाले साधारण त्याच काळापासून, तिथे लेखक आणि चित्रकार मुक्कामाला बोलावले जातात. काही दिवस राहायचे, आपले काम करायचे, गावकऱ्यांना भेटायचे आणि दुसऱ्याला जागा करून द्यायची. व्यवस्था एवढीच.

आपल्याकडे रिकाम्या घरांची वाण नाही. कोकणातल्या गावोगावी अशी घरे आहेत, जी गणपतीत आठ दिवस आणि मे महिन्यात पंधरा दिवस उघडतात. एरवी शेजारी चावी सांभाळतो, कौले फुटली तर कळवतो. मालक मुंबईत, ठाण्यात, नाहीतर परदेशात. अशा प्रत्येक घरात एक टेबल, एक दिवा आणि खिडकी असतेच. शाखांनी आपापल्या तालुक्यातल्या अशा घरांची यादी करावी, मालकांशी बोलावे, जवळच्या वाचनालयाचे सभासदत्व आणि शेजारच्या घरचे जेवण यांची सोय लावावी, आणि वर्षातून एका तरी लेखकाला महिनाभर राहायला बोलवावे. त्याबदल्यात त्याने गावच्या शाळेत मुलांशी चार वेळा बोलावे, एवढीच अट. यासाठी मोठा निधी लागत नाही, शासनाकडे हात पसरावा लागत नाही.

ही स्मरणिका हाती घेणाऱ्या चाकरमान्यांना म्हणूनच विनंती आहे. आपले गावचे घर वर्षातले अकरा महिने बंद असेल, तर त्यातला एक महिना कोकणच्या साहित्याला द्या. आपल्या तालुक्याच्या शाखेकडे नाव नोंदवा.